हैबतीनं फोन तपासले

एका गावात एक भोळा शिपाई होता. गावाचं नाव बोरपाडळी, शिपायाचं नाव हैबती. नाव हैबती असलं, तरी त्याची हैबत दारातल्या कोंबडीलासुद्धा वाटत नसे. ती त्याच्या ताटात येऊन भात टिपायची आणि हा तिला म्हणायचा, "सावकाश जेव."

बोरपाडळीच्या दूध संघात हैबती अकरा वर्षं कामाला होता. अकरा वर्षं हंगामी. लोक बारा महिने दूध घालतात आणि शिपाई तेवढा हंगामी, हे कसं, ते संघालाच ठाऊक. संघात फोन एकच होता, चेअरमनच्या खोलीत. फोन कुणाचाही आला की हैबतीनं व्हरांड्यात उभं राहून त्या माणसाला हाक मारायची, हेच त्याचं मुख्य काम. हाक अशी जबरी, की ज्याचा फोन तो तर यायचाच, पण पलीकडच्या वाडीतला त्याच नावाचा माणूसही काय झालं म्हणून विचारायला यायचा.

मग संघानं फोनचं नवं यंत्र आणलं. आठ टेबलं, आठ फोन. अकरा नंबरपासून अठरा नंबरपर्यंत. बसल्या जागेवरून कुणीही कुणाशीही बोलावं. सगळे खूश झाले. तात्या घोरपडे नावाचे एक संचालक होते, ते तर फारच खूश झाले.

तात्या म्हणाले, "आता हाका मारायला माणूस कशाला? हैबतीला घरी पाठवा."

चेअरमन भाऊसाहेब इंगवले यांचा हैबतीवर जीव होता. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "हैबती, फोनवाले शेटे इंजिनिअर आलेत. त्यांच्याबरोबर राहून आज सगळे फोन तपासून घे. नीट तपासलेस, तर संध्याकाळच्या सभेत तुला कायम करायचा ठराव आणतो. गोंधळ घातलास, तर मग माझ्या हातात काय न्हाई."

ही गोष्ट हैबतीनं घरी जाऊन बायकोला सांगितली. अनुसयेनं अकरा वर्षांत ‘कायम’ हा शब्द फक्त दुसऱ्यांच्या नवऱ्यांबद्दल ऐकला होता. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती म्हणाली, "अवं, आज तेवढं समद्यांचं नीट ऐका. सांगतील तसं करा. आन् कायम झालासा, तर येताना पेढं आणा. न्हाई झालासा, तर काय आणू नका. मी समजीन."

"सांगतील तसं करतो," हैबती म्हणाला.

इथंच सगळं बिघडलं.

शेटे इंजिनिअर शहरातला माणूस, कामाला चोख. त्यानं हैबतीला एक वही दिली. "हे बघा, या फोनवरून त्या फोनवर नंबर लावायचा. तिकडं घंटी वाजली पाहिजे. उचलून बोलायचं. आवाज आला, की वहीत बरोबरची खूण करायची. जमेल?"

"जमंल की."

हैबतीनं अकरा नंबरवरून बारा नंबर लावला. तिकडं घंटी वाजली. मग हा फोन टेबलावर ठेवून तो पळत बारा नंबरवर गेला, तो उचलला आणि म्हणाला, "हॅलो." कुणीच बोललं नाही. तो पळत परत अकरावर आला. "हॅलो." इथंही कुणी नाही. पुन्हा बारावर. असं तो चौदा वेळा पळाला. पंधराव्या वेळी धाप लागली तेव्हा त्यानं वहीत लिहिलं, ‘फोन चालतो. पण माणूस सापडत नाही.’

शेट्यानं ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, एका टोकाला तुम्ही, तर दुसऱ्या टोकाला दुसरं कुणीतरी पाहिजे! एकट्यानं दोन्हीकडं पळायचं नाही."

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि हैबतीनं ते ध्यानात ठेवलं. त्याचा दोष म्हणाल तर हाच एक. विसरायचा नाही.

थोड्या वेळानं चेअरमननी टेबलावरची घंटी वाजवली आणि चहा मागवला. हैबती चहा करायच्या खोलीत गेला. कप भरला, बशी खाली धरली आणि तिथंच उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चहावर साय धरली. शेवटी भाऊसाहेब स्वतः उठून आले.

"अरं, चहा कुठाय?"

"हा काय."

"मग आणला का न्हाईस?"

"ह्या टोकाला मी हाय साहेब, त्या टोकाला तुम्ही. एकट्यानं दोन्हीकडं पळायचं न्हाई. इंजिनिअर साहेबांनी सांगितलंय."

भाऊसाहेबांनी गार चहा तिथंच उभ्याउभ्या पिऊन टाकला. म्हणाले, "हैबती, नीट ऐक. घंटी वाजली, की दुसरं काय बघायचं न्हाई. उठायचं आन् धावत माझ्याकडं यायचं. कळलं?"

"बरं. ध्यानात ठेवतो."

इकडं शेट्यानं हैबतीला बारा नंबरच्या टेबलावर बसवलं आणि बारापासून पुढच्या सगळ्या फोनच्या घंट्या एकेक करून वाजवायला घेतल्या. बारा नंबर वाजला. हैबती उठला आणि धावत चेअरमनच्या खोलीत गेला.

"काय रं?"

"घंटी वाजली."

"मी न्हाई वाजवली. जा."

तो परत येऊन टेकतो न टेकतो, तोच तेरा वाजला. हैबती पुन्हा चेअरमनसमोर. मग चौदा. मग पंधरा. सोळा नंबरला भाऊसाहेब सही करत होते, ती सही कागद सोडून टेबलावर गेली. अठरा नंबर झाला आणि आता तरी शांतता होईल असं त्यांना वाटलं, तेवढ्यात खालून एक सायकलवाला घंटी मारत गेला. हैबती हजर.

"अरं देवा!" भाऊसाहेब ओरडले. "माझ्याकडं न्हाई यायचं! जिथं वाजतंय तिथं जायचं. उचलायचं, कानाला लावायचं, नंबर सांगायचा आन् वहीत लिहायचं!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

संघाच्या आवारातच गुरांचा दवाखाना होता. तिथं हौसाबाई नावाची एक म्हातारी आपलं करडू घेऊन आली होती. करडाच्या पोटात दुखत होतं, पण गळ्यात घुंगूर झकास होता. करडू चाललं की घुंगूर वाजायचा. हैबतीनं तो ऐकला. खाली गेला. जिथं वाजत होतं तिथं पोचला. करडू दोन्ही हातांनी उचललं, कानाला लावलं आणि अदबीनं म्हणाला, "हॅलो. बारा नंबर."

करडू म्हणालं, "ब्यां."

"कोण बोलतंय?"

"ब्यां."

"जरा जोरात बोला."

करडू जोरात बोललं. हौसाबाई त्याहून जोरात बोलली. "आरं मुडद्या, खाली ठेव माझं करडू! आधीच त्याचं पोट बिघडलंय!"

ते किती बिघडलंय हे हैबतीच्या सदऱ्यावर लगेच दिसलं. त्यानं करडू खाली ठेवलं आणि वहीत लिहिलं, ‘आवाज स्पष्ट. बोलणं कळत नाही. फोन गळतो.’

शेट्यानं हे वाचून सगळे फोन उलटेपालटे करून पाहिले. एकही गळत नव्हता. मग त्यानं ठरवलं, की आता या माणसाला जागेवरून उठूच द्यायचं नाही. "तुम्ही बारा नंबरवर बसा. मी वरच्या सभागृहातून अठरा नंबरवरून बोलतो. तुम्ही नुसतं ऐका."

आता शेट्याची एक सवय होती. ‘हॅलो, एक, दोन, तीन’ असं म्हटलं तर माणसं लक्ष देत नाहीत, असा त्याचा वीस वर्षांचा अनुभव. म्हणून तो लक्ष वेधेल असं काहीतरी बोलायचा. वर जाऊन त्यानं बारा नंबर लावला आणि म्हणाला, "हॅलो! सभागृहात आग लागलीय, आग! ऐकू येतंय का?"

पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. जिन्यावर धाडधाड पावलं मात्र वाजली. दार उघडलं आणि ताकाची भरलेली बादली आली. पाठोपाठ हैबती आला. ताक सगळं शेट्याच्या अंगावर गेलं. संघाचं ताक, चांगलं घट्ट. कढीपत्ताही होता त्यात.

"विझली का?" हैबतीनं विचारलं.

शेट्यानं चष्मा काढला. पुसला. तो निम्मा पुसला गेला. मग एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "हैबतराव. तपासणीच्या फोनवर जे बोलतात, ते खरं नसतं. आग नसते, पूर नसतो, काही नसतं. ‘ऐकू आलं’ म्हणायचं, फोन ठेवायचा आणि वहीत खूण करायची. जागचं हलायचं नाही. वहीवर लिहून ठेवा."

हैबतीनं वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. ध्यानात तर ठेवलंच.

शेटे अंघोळीला निघाला. जाता जाता, केसांतला कढीपत्ता काढत, त्यानं राहिलेलं सांगून टाकलं. "या यंत्रात एक सोय आहे. माणूस जागेवर नसला, की तीन घंट्या होतात आणि फोन आपोआप पुढच्या टेबलावर जातो. तिथं कुणी नसेल, तर त्याच्या पुढच्या. आणि तोवर थांबलेल्या माणसाला गाणं ऐकू येत राहतं, म्हणजे तो कंटाळून जात नाही. समजलं?"

"समजलं. फार चांगली सोय हाय."

खरंच चांगली सोय होती. हैबतीला ती मनापासून आवडली.

दुपार झाली. जेवणाची सुट्टी झाली. कचेरीत हैबतीशिवाय कुणी नव्हतं. भाऊसाहेब एसटी स्टँडवर गेले होते, कारण रावसाहेब जगदाळे येणार होते. भाऊसाहेबांची मुलगी रावसाहेबांच्या मुलाला दाखवून महिना झाला होता. होकार यायचा होता. म्हणजे हे होणारे व्याही. व्याह्याच्या मानपानात पानाचा देठ जरी वाकडा पडला, तरी सोयरीक मोडते, हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक आहे. भाऊसाहेब हार घेऊन स्टँडवर उभे राहिले आणि रावसाहेब दुसऱ्या वाटेनं जीपनं थेट कचेरीत आले.

"इंगवले आहेत का?" रावसाहेबांनी विचारलं.

हैबतीनं त्यांना अकरा नंबरच्या, म्हणजे चेअरमनच्या टेबलासमोर बसवलं. मग तो टेबलावर तीनदा ठोकून म्हणाला, "ट्रिंग. ट्रिंग. ट्रिंग." थोडं थांबला. कुणी आलं नाही.

"जागेवर न्हाईत. चला, पुढच्या टेबलावर."

रावसाहेब बुचकळ्यात पडले, पण मोठ्या घरचे माणूस, उठले. बारा नंबरवर बसले. हैबतीनं तिथंही तीनदा ठोकलं. तिथंही कुणी नव्हतं. पाहुणा थांबलाय आणि आपण त्याला गाणं ऐकवलं नाही, हे तेव्हा हैबतीच्या लक्षात आलं. त्याला फार वाईट वाटलं. हैबतीला सबंध येणारं गाणं एकच, आणि ते म्हणजे त्याची आई म्हणायची तो पाळणा. त्यानं डोळे मिटले आणि सुरू केलं.

"नीज माझ्या सोनुल्या रं, गाय गेली माळाला..."

"हे काय चाललंय?" रावसाहेब म्हणाले.

"तुम्ही कंटाळू नये म्हणून."

तेरा नंबर. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग. नीज माझ्या सोनुल्या रं. चौदा नंबर. पंधरा नंबर. पहिल्या फेरीत रावसाहेब चिडले होते. सतरा नंबर झाला, वर सभागृहात अठरा नंबर झाला, आणि तिथून पुढचा नंबरच नसल्यामुळं हैबतीनं त्यांना पुन्हा खाली अकरावर आणलं. दुसऱ्या फेरीत ते थकले. तिसऱ्या फेरीत चौदा नंबरच्या टेबलावर त्यांनी डोकं टेकलं, ते उचललंच नाही. हैबती पाळणा म्हणतच राहिला. फोन जोडला जाईपर्यंत गाणं थांबवायचं नसतं.

हार घेऊन दमलेले भाऊसाहेब परत आले. बघतात तर व्याही टेबलावर आडवे, तोंड उघडं, आणि हैबती त्यांना झोका दिल्यासारखी खुर्ची हलवतोय. भाऊसाहेबांच्या हातातला हार गळाला. सोयरीक मोडली, मुलगी घरात राहिली, असं सगळं त्यांना एका क्षणात दिसलं. "हैबती!" ते किंचाळले.

रावसाहेब जागे झाले. इकडंतिकडं पाहिलं. मोठा आळस दिला.

"इंगवले," ते म्हणाले, "तीन महिने माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. पोराच्या लग्नाची काळजी. डॉक्टर झाले, काढे झाले. आज इथं झोप लागली बघा. जिथं पाहुण्याला पाळणा म्हणून निजवतात, ते घर मायाळूच असणार. आमचा होकार समजा."

भाऊसाहेबांनी हार उचलला. व्याह्यांना घालायचा तो घाईघाईत हैबतीच्याच गळ्यात घातला. ते अक्षरशः रडले. "हैबती, आज तुला कायम केला न्हाई, तर इंगवल्याचं नाव लावणार न्हाई!"

संध्याकाळी वरच्या सभागृहात संचालकांची सभा बसली. शेटे इंजिनिअर न्हाऊनधुऊन आला होता. त्यानं वही पाहिली. म्हणाला, "हैबतराव, एवढी एकच खूण राहिलीय. अठरा नंबर, सभागृह. तिथून तुम्हाला फोन येईल. तो घेतलात, की तपासणी संपली. मी आता निघतो." आणि तो खरोखर पळाला.

हैबती बारा नंबरवर वही उघडून बसला.

वर भाऊसाहेबांनी ठराव मांडला. तात्या घोरपडे उठले. "चेअरमनसाहेब, करडू कानाला लावणाऱ्याला कायम करायचं?" बराच वाद झाला. शेवटी तात्या म्हणाले, "ठीक हाय. आमची एकच अट. आत्ता त्याला फोन करा. कायम केलंय, वर येऊन सही कर, एवढं सांगा. तो वर आला, तर मीच पहिला हात वर करीन. न्हाई आला, तर उद्यापासून घरी."

"एवढंच?" भाऊसाहेब हसले. "अहो, लंगडा असता तरी पळत आला असता."

"पण हाक मारायची न्हाई हां," तात्या म्हणाले, "आन् कुणी खाली जायचं न्हाई. फोनवरूनच बोलवायचं. यंत्र कशाला आणलंय मग?"

भाऊसाहेबांनी अठरा नंबरवरून बारा नंबर लावला. खाली घंटी वाजली. हैबती कुठंही पळाला नाही. त्यानं शांतपणे फोन उचलला, कानाला लावला आणि नंबर सांगितला. दिवसभराच्या सगळ्या शिकवण्या त्यानं एकाच वेळी, अगदी बिनचूक पाळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच.

"हैबती! मी चेअरमन बोलतोय. तुला कायम केलं! चल, वर ये, सही कर!"

हैबतीनं वहीचा पुठ्ठा पाहिला.

"ऐकू आलं," तो म्हणाला, फोन ठेवला आणि खूण केली.

वर सगळे जिन्याकडं कान लावून बसले. जिना वाजला नाही. भाऊसाहेबांनी पुन्हा फोन लावला. "अरं, ऐकलंस का? कायम केलंय! वर ये!"

"हे पण ऐकू आलं." दुसरी खूण.

तिसऱ्यांदा भाऊसाहेबांचा आवाज फाटला. "हैबती, तुझ्या पाया पडतो, खरंच सांगतोय रं! आलास न्हाई तर नोकरी गेली! खरंच! खरंच!"

"तिन्ही वेळचं ‘खरंच’ एकदम स्पष्ट ऐकू आलं साहेब." तिसरी खूण. त्यानं वही मिटली.

तात्या घोरपड्यांनी पानाचा डबा उघडला आणि सावकाश चुना लावायला घेतला.

सभा संपेपर्यंत हैबती जागचा हलला नाही. मग फोनवर रुमाल झाकला, दिवे मालवले आणि दुपारचा हार गळ्यात तसाच ठेवून घरी गेला. अनुसया दारातच उभी होती. तिनं आधी त्याच्या हातांकडं पाहिलं. पेढे नव्हते. मग तोंडाकडं पाहिलं. तोंड तर हसून हसून कानापर्यंत गेलं होतं. तिला काही उमगेना.

"अवं, काय झालं?"

"समदे फोन एक नंबर!" हैबती म्हणाला. "त्यातला शेवटचा तर असा साफ, की चेअरमनसाहेब म्होरं उभं राहून बोलत्यात असं वाटावं. म्हणालं, तुला कायम केलं, वर ये, सही कर. एकदा न्हाई, तीनदा म्हणालं. शेवटी तर पाया पडतो म्हणालं, रडायच्या बेतात आलं."

"मग?" अनुसयेनं विचारलं.

हैबतीनं चप्पल काढली, ऐटीत खाटेवर बसला आणि मांडीवर थाप मारली.

"मग काय! लई फसवायला बघितलं. पण मी हललो न्हाई. मी काय दूधखुळा हाय?"